हाताने बांधलेलं विमान उतरताना उजव्या चाकाचा पाय आत दुमडला. नवा पाय जाड पट्टीचा बसवावा का?

कापडीपंख

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील गाळले तर उत्तरं अंदाजाने येतील, म्हणून सगळं लिहिते.

बाबांनी आणि मी मिळून बांधलेलं दोन आसनी विमान आहे. किट नव्हे, नकाशे घेऊन सुरुवातीपासून बांधलेलं. धड ४१३० प्रतीच्या पोलादी नळ्यांचं, आम्हीच वेल्ड केलेलं, वरून कापड. पंख वरच्या बाजूला, स्प्रूस लाकडाचे स्पार (पंखाच्या आतले मुख्य लांब दांडे), दोन्हीकडे स्ट्रट (पंख आणि धड जोडणारे तिरके टेकू). मागे टेलव्हील, म्हणजे तिसरं छोटं चाक शेपटीखाली. मुख्य चाकांचे पाय सपाट स्प्रिंग पोलादाच्या पट्टीचे. पुढे लायकमिंग ओ-२३५ इंजिन आणि लाकडी प्रोपेलर. चाचणी उड्डाणं कधीच पार पडली होती, बाबा ते नियमित उडवत होते.

अपघात झाला तेव्हा मी धावपट्टीच्या कडेला उभी होते आणि फोनवर लँडिंगचं चित्रण करत होते. त्यामुळे जे लिहिते आहे ते आठवणीवर सोडलेलं नाही, व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिलेलं आहे. वारा डावीकडून होता, फार नाही. विमान जरा वेगात आलं. फ्लेअर केल्यावर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलल्यावर, ते धावपट्टीला टेकायलाच तयार नव्हतं, बराच वेळ तरंगत राहिलं. मग साधारण कमरेच्या उंचीवरून एकदम खाली बसलं. दोन्ही चाकं एकाच वेळी आपटली आणि विमान उसळलं. हवेत असताना नाक वर होतं आणि विमान उजवीकडे सरकत होतं, हे व्हिडिओत स्पष्ट दिसतं. दुसऱ्यांदा टेकलं ते उजवं चाक आधी. टेकल्याबरोबर नाक डावीकडे फिरलं, शेपूट उजवीकडे गेलं, उजवा पाय आत, पोटाखाली दुमडला. उजव्या पंखाचं टोक जमिनीला घासलं, प्रोपेलरचे तुकडे उडाले आणि विमान धावपट्टीला आडवं होऊन थांबलं.

बाबांनी मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे), मास्टर स्विच आणि इंधनाचा कॉक बंद केला आणि स्वतःहून बाहेर आले. सीटच्या पट्ट्यामुळे खांदा काळानिळा झाला आहे. डॉक्टरांनी तपासलं, हाड शाबूत आहे.

आता मुद्दा. बाबांचं ठाम मत आहे की पाय कच्चा पडला. "पाय टिकला असता तर एक टायर घासला असता, बाकी काही झालं नसतं," असं ते म्हणतात. त्यांना पुढच्या मापाची जाड पट्टी घेऊन दोन्ही पाय नव्याने करून घ्यायचे आहेत. पाय धडाला जिथे जोडला जातो त्या ब्रॅकेटला एक जादा पत्राही वेल्ड करायचा आहे. ऐकायला पटतं. पण मूळ आराखड्यात कुणीतरी विचार करूनच ती जाडी धरली असणार, असं सारखं मनात येतं, आणि मला ते मोजून दाखवता येत नाही.

दुसरा प्रश्न इंजिनाचा. प्रोपेलर लाकडी होता, इंजिन आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर होतं. तरीही इंजिन उघडावंच लागेल का? आणि वरवर धडधाकट दिसणाऱ्या भागांपैकी नेमकं काय काय तपासायचं?

---

गगनवेडा

बाबा सुखरूप आहेत हे महत्त्वाचं. माझं सरळ मत: धड उघडणारच आहात तर टेलव्हीलला रामराम करा आणि नाकचाक लावून घ्या. नाकचाकाच्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे जरा तिरकं टेकलं तरी विमान आपोआप सरळ होऊ पाहतं. टेलव्हीलमध्ये नेमकं उलटं. ज्या दोषामुळे विमान फिरलं तो दोषच काढून टाकला तर पायाची जाडी हा प्रश्नच उरत नाही.

---

लोखंडी_हात

कापडीपंख, तुम्ही व्हिडिओ ठेवलात आणि पाय कुठल्या बाजूला दुमडला ते लिहिलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं आहे. मोडलेली विमानं पुन्हा उभी करणं हेच माझं काम, आणि अशा प्रत्येक विमानाबरोबर "पाय जाड करून द्या" ही मागणी येते. मी ती मान्य करत नाही. का ते सांगतो.

स्प्रिंगचा पाय सरळ खाली आपटण्याने हरला तर तो बाहेरच्या बाजूला फाकतो. दोन्ही चाकं एकमेकांपासून लांब जातात, पोट खाली येतं. तुमचा पाय आत गेला. पाय आत जातो तो आडव्या रेट्याने, म्हणजे चाक जमिनीला धरून बसलं आणि विमान त्याच्यावरून बाजूला गेलं तर. शिवाय पहिली आपटी बघा. कमरेच्या उंचीवरून दोन्ही चाकांवर बसलं, दोन्ही पाय वाकले, परत सरळ झाले आणि विमानाला वर फेकलं. म्हणजे जे काम त्या पायांना नेमून दिलं होतं ते त्यांनी केलं. पाय कच्चा असता तर तिथेच फाकला असता.

ते काम किती मोठं असतं याचा अंदाज यावा म्हणून आकडे देतो. प्रमाणित छोट्या विमानांच्या जुन्या अमेरिकी नियमांत पायांसाठी खाली येण्याचा वेग सेकंदाला ७ ते १० फूट धरत, म्हणजे २.१ ते ३ मीटर. घरी बांधलेल्या विमानाला तो नियम लागू नसतो, पण आराखडा करणारे बहुतेक जण त्याच्याच आसपास राहतात. अर्ध्या मीटरवरून नुसती वस्तू सोडली तरी जमिनीला लागताना तिचा वेग सेकंदाला ३.१ मीटर होतो. एक मीटरवरून सोडली तर ४.४. तुमच्या पंखांनी तेव्हाही बराच भार उचलून धरला होता म्हणून प्रत्यक्ष वेग यापेक्षा कमी पडला असेल, पण पायांनी आपल्या हद्दीच्या जवळपासचं काम केलं हे नक्की.

आता जाड पट्टी लावली तर काय होईल? पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी एक दशांशाने वाढवली तर ताठपणा सुमारे एक तृतीयांशाने वाढला. ताठ पाय कमी वाकतो, कमी वाकला की तीच आपटी कमी अंतरात थोपवावी लागते, आणि मग धडात जाणारा जोर वाढतो. पुन्हा, स्प्रिंग पोलाद ऊर्जा जिरवत नाही, ती साठवून परत देतं. जिरते ती थोडीफार टायर जमिनीवर आडवे घासतात त्यात. बाबांचं विमान उसळलं ते यामुळेच, आणि पाय ताठ केल्याने उसळी काही कमी होणार नाही.

सगळ्यात गंभीर गोष्ट आडव्या रेट्याची. तो रेटा कुठेतरी जाणारच. आज तो पायात गेला आणि पाय दुमडला. पाय दुमडला नसता तर तो ब्रॅकेटच्या बोल्टमध्ये गेला असता, तिथून खालच्या लाँजेरॉनमध्ये (धडाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य नळीत), तिथून नळ्या जिथे एकत्र येतात त्या सांध्यात. तुमच्या विमानात त्या सांध्याच्या वर कोण बसतं ते आठवा. ब्रॅकेटला जादा पत्रा लावला की तोही ताठ होतो आणि तडा पत्र्याच्या कडेला, म्हणजे नळीत सरकतो. पाय बदलायला चार बोल्ट काढावे लागतात. लाँजेरॉन बदलायला कापड उतरवून धड जिगवर (मापात धरून ठेवणाऱ्या साच्यावर) चढवावं लागतं. आराखडा करणाऱ्याने पाय आधी हरावा असं ठरवलं होतं आणि तो हरला. बाबा त्याच पायामुळे स्वतःच्या पायांवर चालत बाहेर आले असं मी म्हणेन.

म्हणून पाय नकाशातल्या मापाचाच, नवा. वाकलेली पट्टी ठोकून सरळ करून घेऊ नका. ते पोलाद उष्णतासंस्कार केलेलं असतं, थंड सरळ केलेली पट्टी कुठे तडकेल ते सांगता येत नाही. डावा पाय सरळ दिसत असला तरी उतरवून मॅग्नेटिक कणांनी (न दिसणारे तडे दाखवणाऱ्या चाचणीने) तपासून घ्या. दोन्हीकडचे सगळे बोल्ट नवे घाला, फक्त वाकलेले नव्हेत.

तपासणीबद्दल. जिथे मोडलं तिथून सुरुवात करून जोर ज्या वाटेने गेला ती वाट धरत चला. उजव्या ब्रॅकेटचा रंग पूर्ण काढा. रंगावर केसाएवढी रेघ दिसली तर खाली तडा असू शकतो, आणि लवचीक रंगावर रेघ न दिसताही असू शकतो, म्हणून वेल्डवर डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंगीत द्रव) लावल्याशिवाय ठीक म्हणू नका. बोल्टची भोकं गोल आहेत की लांबट झाली ते पाहा. मग सीटच्या खालच्या आडव्या-तिरक्या नळ्या. कापडावर कुठे नवी सुरकुती आली असेल तर आतली नळी हलली आहे. शेवटी ओळंबा आणि दोरी घ्या. धड समपातळीत ठेवून शेपटीच्या मधल्या बिंदूपासून डाव्या-उजव्या स्ट्रटच्या फिटिंगपर्यंतची अंतरं मोजा, कर्ण मोजा. दोन्ही बाजू जुळायला हव्यात. विमान फिरताना शेपटीने आडवा झोका घेतला आहे, म्हणून टेलव्हीलची स्प्रिंग, तिचं ब्रॅकेट आणि तिथला नळ्यांचा सांधाही यात धरा.

आणि पंख. मला सगळ्यात जास्त काळजी तिथे वाटते. टोक जमिनीला लागलं की लाकडी स्पारला दाबाचे तडे जातात, धाग्यांना आडवे, इतके बारीक की समोरून प्रकाश टाकला तर दिसत नाहीत. विजेरी लाकडाला जवळजवळ टेकवून तिरका उजेड पाडायचा. प्लायवूडच्या मजबुतीच्या फळ्या जिथे संपतात त्या कडा आणि स्ट्रट जोडला आहे त्याच्या आसपासचा भाग आधी. रिबचे (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांचे) खिळे वर आले असतील तर स्पार तिथे वाकून परत आला आहे असं समजा. अमेरिकन चॅम्पियन कंपनीच्या लाकडी स्पारच्या विमानांसाठी एफएएने (अमेरिकेच्या हवाई नियामक संस्थेने) नेमकी अशाच तड्यांची तपासणी सक्तीची केली होती. एका छिद्रातून आरसा घालून भागणार नाही. गरज पडली तर कापड कापा. कापड पुन्हा लावता येतं.

इंजिन: उघडायचं. प्रोपेलर लाकडाचा होता आणि इंजिन आयडलवर होतं, या दोन्हींनी फरक पडत नाही. लायकमिंगच्या सूचनेप्रमाणे इंजिन चालू असो की बंद, प्रोपेलर दुरुस्तीला जावा लागेल असा मार बसला की तो प्रोपेलर स्ट्राइक. तुमच्याकडे तर तो तुकड्यांत आहे. क्रँकशाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला एक गिअर आहे, एका बोल्टने आवळलेला आणि एका छोट्या डॉवेलने (खुंटीने) जागेवर धरलेला. कॅमशाफ्ट आणि मॅग्नेटो त्याच्यावरच चालतात. अचानक झटका बसला की मार त्या डॉवेलला बसतो. तो सुटला तर इंजिन एका क्षणात पूर्ण बंद, कुठलीही पूर्वसूचना न देता. एफएएने २००४ साली लायकमिंगच्या प्रोपेलर स्ट्राइकनंतर हाच भाग तपासण्याचा आदेश काढला. क्रँकशाफ्टच्या फ्लँजला (प्रोपेलर जोडतात त्या चकतीला) डायल गेज लावून फ्लँज सरळ आहे एवढं पाहिलं तर पुढचं टोक कळलं, मागचं नाही.

गगनवेडा, गुरुत्वमध्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. पण नाकचाक म्हणजे पुढे एक चाक टोचणं नव्हे. मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या मागे न्यावी लागतात, म्हणजे पाय जोडण्याची जागाच बदलते, म्हणजे धडाचा तो भाग नव्याने आखावा लागतो. आणि उसळत उतरणाऱ्या विमानात नाकचाक आधी टेकलं तर बारीक पाय मागे वाकतो, टोक जमिनीत रुततं आणि विमान पाठीवर पालथं होतं. अशी पालथी विमानं मी उचलली आहेत. त्यात कॅनॉपी जमिनीला दाबली जाऊन माणूस आत अडकतो.

---

कापडीपंख

लोखंडी_हात, तुम्हाला कसे धन्यवाद देऊ कळत नाही. "आत दुमडला की बाहेर फाकला" हा एक फरक मी बाबांना व्हिडिओवर दाखवला. ते बराच वेळ ती चौकट पाहत राहिले आणि मग स्वतः जाऊन टायर पाहून आले. उजव्या टायरच्या बाहेरच्या कडेवर, खालपासून जवळजवळ रिमपर्यंत, घासल्याच्या आडव्या रेघा आहेत. डाव्या टायरवर तशा नाहीत.

आता बाबांचा पुढचा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत: "मग पहिल्या आपटीनंतर मी काय करायला हवं होतं?"

---

वाऱ्याशी_सरळ

हा प्रश्न बाबांनी स्वतः विचारला याचा फार आनंद झाला. मी टेलव्हीलवर शिकवतो, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या आपटीनंतर थ्रॉटल पूर्ण पुढे, नाक क्षितिजाशी बेताच्या उंचीवर, आणि गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. विमान उसळून पुन्हा हवेत गेलं आणि नाक वर आहे म्हणजे वेग प्रत्येक क्षणाला घटतो आहे, आणि आधीच तो थोडाच उरलेला होता. उसळी वीतभर असेल तर तेवढंच नाक धरून, थोडी पॉवर देऊन पुन्हा टेकवता येतं. कमरेएवढी आपटी खाऊन आलेली उसळी त्यात बसत नाही. स्टिक पुढे ढकलून विमान "खाली बसवायचा" मोह फार होतो. तो केला तर दुसरी आपटी पहिलीपेक्षा जोरात येते.

पण तुमच्या विमानात पाय मोडला तो आडव्या सरकण्याने, आणि ते सरकणं उसळीत कसं शिरलं हे समजणं जास्त मोलाचं आहे. डावीकडचा वारा म्हणजे डावा पंख जरा खाली आणि उजवा रडर (शेपटीवरची नाक वळवणारी उभी फळी), हे बाबा अप्रोचमध्ये, उतरायला येताना, करत असणारच. उसळल्याबरोबर माणसाचं सगळं लक्ष नाकाकडे जातं. हात स्टिक मागे-पुढे करण्यात गुंततो आणि एलरॉन (पंख झुकवणाऱ्या मागच्या कडेच्या फळ्या) नकळत मधे येतो. डावा पंख सरळ झाला की वारा विमानाला उजवीकडे नेऊ लागतो. दोन-तीन सेकंद पुरतात. मग चाक टेकतं, जमीन त्याला डावीकडे रेटते, ते चाक गुरुत्वमध्याच्या पुढे असल्यामुळे नाक डावीकडे ओढलं जातं, आणि मागचं सगळं वजन पूर्वीच्याच दिशेने जात राहतं. एवढं झाल्यावर रडर काही करू शकत नाही, कारण रडरची ताकद वेगाच्या वर्गाने कमी झालेली असते. म्हणून उसळीत पहिला विचार एलरॉनचा. वाऱ्याकडचा पंख खालीच राहिला पाहिजे, आणि टेकल्यानंतर वेग घटेल तसा एलरॉन वाऱ्याकडे आणखी वाढवत न्यायचा, विमान थांबेपर्यंत.

आता त्याच्याही आधीचं. तुम्ही लिहिलंत की विमान "जरा वेगात" आलं आणि बराच वेळ तरंगलं. पंखांच्या लांबीएवढ्या उंचीच्या खाली आलं की जमिनीजवळ पंखांना मागे खेचणारा हवेचा ओढा कमी होतो आणि जादा वेग लवकर जात नाही. समजा विमान ४० नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) स्टॉल होतं, म्हणजे त्याखाली पंख उचलून धरू शकत नाहीत. त्याच्या १.३ पट म्हणजे ५२ नॉटने यायला हवं. ६० ने आलात तर ८ नॉटच जास्त वाटतात, पण ऊर्जा एक तृतीयांशाने जास्त असते. ती जमिनीलगत तरंगण्यातच खर्च होते, आणि तेवढ्या वेळात वाऱ्याचा झोत बदलला की विमान एकदम बसतं. कमरेएवढ्या उंचीवर विमान तरंगत राहिलं आहे हे लक्षात आलं तर तिथेही गो-अराउंडच. उसळी येण्याची वाट पाहायची गरज नाही.

यात घरी बांधलेल्या विमानाची एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. तुमचा वेगदर्शक खरं बोलतो का? स्टॅटिक दाबाचं (आजूबाजूच्या स्थिर हवेच्या दाबाचं) छिद्र तुम्ही नेमकं कुठे पाडलंत, पिटो नळी (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी) किती तिरकी बसली, यावर दाखवलेला वेग अवलंबून असतो, आणि त्याच नकाशावरून बांधलेल्या दुसऱ्या विमानाचा आकडा तुम्हाला लागू पडत नाही. नाक खूप वर असताना पुष्कळ विमानांचा दर्शक कमी दाखवतो. स्टॉलच्या वेळी काटा ३६ वर असेल आणि खरा वेग ४० असेल, तर ३६ ची १.३ पट म्हणजे ४७, आणि हा वेग धोकादायक रीतीने कमी आहे. हे ज्याला अनुभवाने जाणवलेलं असतं तो मनातल्या मनात पाच-दहा नॉट वाढवून येतो, आणि मग विमान तरंगतं. दोन्हीचा इलाज एकच: वारा शांत असताना उंचीवर, एकाच दर्शक-वेगाने तीन वेगवेगळ्या दिशांना उडून जीपीएसचे वेग टिपायचे, त्यावरून खरा वेग काढायचा, असं चार-पाच वेगांना करून एक तक्ता पॅनेलवर लावायचा.

अमेरिकेत अशा विमानाला साधारणपणे पहिले २५ किंवा ४० तास चाचणीसाठी राखून ठेवावे लागतात, प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर २५. ते तास हे आकडे काढण्यासाठीच असतात. पुष्कळ जण मात्र ते नुसते घिरट्या घालून भरतात. एनटीएसबीने (अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाने) २०१२ साली हौशी बांधणीच्या विमानांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विमानाच्या आयुष्याच्या सुरुवातीच्या काळात अपघात जास्त होतात हे पुढे आलं, आणि चाचणीचा आराखडा आधी लिहून तो पाळावा, त्यातून उड्डाणपुस्तिका तयार करावी, यावर त्यांनी भर दिला. तुमचं विमान पुन्हा उभं राहील तेव्हा ते नवं विमान समजून सगळे आकडे पुन्हा काढा. प्रोपेलर नवा येणार, तोही उतरण्याची तऱ्हा बदलतो: पिच (पात्यांचा कोन) बारीक असेल तर थ्रॉटल मागे घेताच तो ब्रेकसारखा ओढतो.

बाबांना सांगा, परत उडण्याआधी टेलव्हीलवाल्या शिक्षकाबरोबर दुसऱ्या विमानात बसून मुद्दाम उसळ्या घ्या आणि प्रत्येक उसळीतून वर जा. हात ते शिकला पाहिजे.

---

लोखंडी_हात

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी. नवे पाय बसवाल तेव्हा चाकांची दिशा मोजायला विसरू नका. टेलव्हीलच्या विमानात चाकांची पुढची तोंडं आत वळलेली असतील तर ते वाईट. विमान डावीकडे फिरू लागलं की भार उजव्या चाकावर जातो, आणि ते चाक आत वळलेलं असेल तर विमानाला आणखी डावीकडेच नेतं. चाकं सरळ हवीत, किंवा अगदी किंचित बाहेर. मोजताना विमानात माणसांएवढं वजन ठेवा, कारण पाय फाकला की कोनही बदलतो. प्रत्येक चाकाखाली दोन पत्रे आणि मधे ग्रीस घाला, म्हणजे टायर जमिनीला चिकटून खोटा कोन दाखवणार नाही. मग दोन्ही टायरला सरळ पट्टी टेकवून धडाच्या मध्यरेषेशी तुलना करा. चूक असेल तर पाय आणि अ‍ॅक्सल यांच्या मधे पाचरीसारखी शिम घालून दुरुस्त होते.

---

कापडीपंख

सगळ्यांना उशिरा कळवते आहे, कारण आम्ही उघडत गेलो तसतसं बघायचं वाढत गेलं.

उजव्या ब्रॅकेटचा रंग काढल्यावर नुसत्या डोळ्यांना काहीच दिसलं नाही. डाय पेनिट्रंट लावल्यावर मागच्या वेल्डच्या कडेने एक लाल रेघ उमटली, साधारण नखाच्या रुंदीएवढी. मागच्या दोन बोल्टची भोकं लांबट झाली आहेत. लाँजेरॉन सरळ आहे, कर्ण दोन्हीकडे जुळले. बाबांनी जिथे जादा पत्रा लावायचं ठरवलं होतं नेमकी तिथेच ती रेघ आहे. पत्रा लावला असता तर ती कायमची झाकली गेली असती. ते हे स्वतःच बोलले, आणि नकाशातल्या मापाची पट्टी त्यांनी स्वतःच मागवली.

इंजिन खोलायला गेलं आहे. डॉवेल आणि गिअर यांचा निकाल अजून आलेला नाही.

पंखाने मात्र झोप उडवली आहे. उजव्या पुढच्या स्पारवर, स्ट्रटच्या फिटिंगखाली, प्लायवूडची फळी संपते तिथून बोटभर आत, धाग्यांना आडवी अशी एक रेघ आहे. उजेड तिरका केला तरच दिसते, विजेरी उचलली की नाहीशी होते. सुतारकाम बाबांचं चांगलं आहे. तेवढा भाग कापून, तिरकस जोड देऊन नवा तुकडा चिकटवता येईल का? बाकीचा स्पार अगदी स्वच्छ आहे.

---

लोखंडी_हात

तिथे नाही. दुरुस्तीच्या पद्धतींची एफएएची जी पुस्तिका सगळे वापरतात, ४३.१३, तिच्यात स्पार जवळपास कुठेही जोडायला परवानगी आहे, पण पंखाच्या, चाकांच्या, इंजिन माउंटच्या आणि स्ट्रटच्या फिटिंगखाली जोड चालत नाही. तुमचा तडा नेमका स्ट्रटखाली आहे. नवा स्पार करा. जुना फेकू नका, त्याच्यावरून भोकांची जागा उतरवून घ्या.

आणि डावा पंखही उघडा. विमान जागच्या जागी फिरताना बाहेरचा पंख जमिनीला लागला, पण थांबण्याचा झटका दोन्ही पंखांना बसला आहे. तिथेही आधी स्ट्रटचीच जागा पाहा, आणि विजेरी तशीच तिरकी धरा.